उतारवयातील अंगबळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून उभी राहिले आहे. मी काही विदुषी नव्हे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारी-सास्तूरकडचा तो भूकंप झाला, त्या वर्षी मी सातवीत होते. पुढची शाळा राहूनच गेली. पण वाचायची आवड सुटली नाही, आणि गावात आरोग्याचे शिबिर असले की पुढे बसून ऐकायची सवयही गेली नाही. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवते. विषय आहे आपल्या सासवांचा, आयांचा, आणि दहा-पंधरा वर्षांनी आपलाही : हिंडत्याफिरत्या, कामाच्या म्हाताऱ्या बाईच्या अंगात बळ किती, आणि पोटात अन्न किती?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात साठी उलटलेली बाई घरात बसून राहिलेली फारशी दिसत नाही. पहाटे झाडलोट, शेरडांचा चारा, मग खुरपणी नाहीतर सोयाबीन काढणी, संध्याकाळी पुन्हा चूल. कोजागिरीला तुळजापूरला पायी निघाली तर तरण्यांना मागे टाकते. तिच्याकडे पाहून आपण कौतुकाने म्हणतो, “म्हातारी मोठी काटक आहे हो!” माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, काटक असणे वेगळे आणि बळकट असणे वेगळे. काटकपणा सवयीने येतो. बळ मात्र अन्नाने आणि स्नायूंनी येते. हा भेद आपण जाणत नाही, म्हणून काल शेतात राबणारी आजी आज उंबऱ्यात पाय अडकून पडते, खुबा मोडतो, आणि अंथरुणाला खिळते. “कालपर्यंत तर चांगली होती,” असे सगळे म्हणतात. पण ती आतून कितीतरी वर्षे झिजत असते.

आपला देह कशाचा झाला आहे ते आधी पाहू. हाडे म्हणजे घराचे खांब आणि तुळया. स्नायू, म्हणजे अंगावरचे मांस, हे राबणारे गडी. चरबी हे कोठीघर. बाकी पाणी. वजनकाटा या सर्वांची बेरीज सांगतो. गडी किती आणि कोठीत साठा किती, हे त्याला सांगता येत नाही. दिसते तसे नसते म्हणतात ना, ते इथे अक्षरशः खरे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी आपलीच उदाहरणे घेऊन २००४ साली हे जगाला दाखविले. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. तपासणी केली तेव्हा युडकिन यांच्या अंगात चरबी शेकडा नऊच्या आसपास, तर याज्ञिकांच्या अंगात शेकडा एकवीस! आपल्या लोकांची ठेवणच अशी, की बारीक दिसणाऱ्या माणसातही मांस कमी आणि चरबी जास्त असते. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील तान्ही मुले तपासली, तर तिथेही हेच आढळले. मूल जन्मते अडीच-पावणेतीन किलोचे, हातपाय काड्या, पण चरबी मात्र राखून ठेवलेली. आईच्या पोटापासूनची ही कमाई आपण म्हातारपणापर्यंत वागवतो.

त्यात वयाची भर पडते. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात, साठीनंतर हा वेग वाढतो. पाळी गेल्यावर बाईची हाडेही झपाट्याने विरळ होतात आणि चरबी पोटाकडे सरकते. अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली या स्नायूंच्या झिजेला ‘सार्कोपेनिया’ असे नाव दिले. ग्रीक भाषेतील त्या शब्दाचा अर्थ आहे मांसाचे दारिद्र्य. मला तो शब्द फार पटला. दारिद्र्य आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आता कोणी विचारील, “अगं, आमची सासू तर दिवसभर राबते, मग तिचे स्नायू कसे झिजतील?” याचे उत्तर जमाखर्चात आहे. काम हा खर्च, अन्न ही जमा. खर्च रोजचा आणि जमा अपुरी, तर घर कसे चालते? दुष्काळात माणसे अंगावरचा दागिना मोडून पोट भरत. देहही तेच करतो, तो अंगावरचे मांस मोडून दिवस साजरा करतो. राबण्याने स्नायू टिकतात हे खरे, पण त्यांची डागडुजी करायला अन्न मिळाले तरच.

माझ्या घरचेच सांगते. सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या. माळकरी. शिबिरात वजन केले तर अडतीस किलो भरले. उंची एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागले की एक आकडा येतो, तो साडेअठराच्या खाली गेला तर माणूस उंचीच्या मानाने हलके समजतात. सासूबाईंचा सतरा आणि थोडा वर आला. त्या हसल्या. म्हणाल्या, “अगं, मला काय झालंय? कालच दोन सऱ्या खुरपून आले.” मी म्हटले, “आत्याबाई, तुम्हाला काही झालं नाही, पण होऊ द्यायचंही नाही.” मग मी तीन दिवस त्यांच्या ताटात काय पडते ते मुलीच्या वहीत लिहून ठेवले.

सकाळी चहा आणि चटणीशी अर्धी भाकरी. दुपारी दीड भाकरी आणि पातळ आमटी. रात्री एक भाकरी आणि उरलीसुरली भाजी. अंगाची डागडुजी करणारा अन्नातला भाग म्हणजे प्रथिने. शंभर ग्रॅम ज्वारीत ती सुमारे दहा ग्रॅम असतात. तीन भाकरींचे दीडशे ग्रॅम पीठ धरले तर पंधरा. आमटीतली डाळ मूठभरही नव्हे, तिचे तीन. चटणीतल्या शेंगदाण्यांचे अडीच, चहातल्या दुधाचे दीड. सारे मिळून बावीस ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम हे प्रमाण सांगितले आहे. त्या हिशेबाने अडतीस किलोला एकतीस-बत्तीस ग्रॅम हवेत. वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या परदेशी तज्ज्ञांच्या एका गटाने २०१३ साली असे मत दिले की, उतारवयात हे प्रमाण किलोमागे एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास असावे, कारण वृद्ध शरीर तेवढ्याच अन्नातून मांस कमी घडवते. म्हणजे हवे होते चाळीसच्या आसपास, आणि पडत होते बावीस.

“म्हाताऱ्या माणसाला खायला लागतं किती?” असे आपल्याकडे म्हणतात. भाकरी थोडी कमी लागेल. पण डाळ, दूध, कडधान्य कमी लागत नाही, उलट जास्तच लागते. ही गोष्ट प्रत्येक सुनेने आणि लेकीने मनात कोरून ठेवावी.

मग आम्ही काय केले? पैसा फार घातला नाही. आमटी घट्ट केली. दुपारी मूठभर फुटाणे, आणि दात नाहीत म्हणून तेच दळून गुळाबरोबर. रात्री वाटीभर दही किंवा दूध. भाकरीच्या पिठात नऊ भागांना एक भाग भाजलेल्या सोयाबीनचे पीठ. एवढ्याने रोज सतरा-अठरा ग्रॅमची भर पडली. शिवाय रोज खाटेच्या काठावर बसून हात न टेकता दहा वेळा उठायचे, हा व्यायाम. आठ महिन्यांत त्यांचे वजन एकेचाळीस किलो झाले. तीन किलोचे काय एवढे, असे वाटेल. पण पूर्वी जात्याचा नाहीतर भिंतीचा आधार घेतल्याशिवाय जमिनीवरून त्यांना उठता येत नसे, आता येते. म्हातारपणात याहून मोठे स्वातंत्र्य कोणते?

सोयाबीनविषयी एक सूचना. आपल्या जिल्ह्यात ते पोत्यांनी पिकते आणि सगळेच्या सगळे बाजारात जाते. घरासाठी चार पायल्या ठेवाव्यात. पण कच्चे दळून खाऊ नये, नीट भाजून किंवा शिजवूनच वापरावे. कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे पदार्थ असतात, ते आचेने बरेचसे निकामी होतात. आपल्याकडील अन्नपदार्थांतील अशा अडथळ्यांचा अभ्यास मुंबईत एका मराठी बाईंनी केला, डॉ. कमला सोहोनी यांनी. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविणाऱ्या या बाईंनी आयुष्यभर डाळी, दूध, नीरा अशा गरिबाच्या अन्नावर काम केले. स्वयंपाकघर हीही शास्त्राची जागा आहे, हे त्यांच्यामुळे कळते.

आपल्या मातीत काही कमी नाही. तूर, हरभरा, हुलगे, मटकी, शेंगा, जवस, तीळ सारे इथेच येते. आपली वेळ अमावास्या आठवा. कोपीपुढे जी भज्जी वाढली जाते, तिच्यात तुरीचे सोले, ओला हरभरा, वाटाणा, पालेभाज्या सगळे एकत्र असते. जोडीला ज्वारी-बाजरीची भाकरी आणि ताकातली अंबिल. ज्वारीत जे उणे आहे ते डाळीत आहे, आणि डाळीत जे उणे आहे ते ज्वारीत. एकमेकींची उणीव भरून काढणाऱ्या जावा-जावांसारखे हे अन्न आहे. वर्षातून एकदा देवाला दाखवितो तो नैवेद्य आठवड्यातून दोनदा सासूच्या ताटात पडला तर पुष्कळ झाले. आणि ज्यांना चालते त्यांनी अंडे खावे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. परसातल्या कोंबड्यांची अंडी सगळी विकायची, दूध सगळे डेअरीला नाहीतर खव्याच्या भट्टीला घालायचे, आणि घरच्या बाईने काळा चहा प्यायचा, हा हिशेब मला तरी उमगत नाही.

आता जरा कडू बोलते. बाई कमी खाते ती केवळ गरिबीने नव्हे. ती शेवटी जेवते. पुरुषांना, मुलांना घट्ट वाढून भांड्यात वरचे पाणी उरते ते तिचे. त्यात सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपवासाला माझा विरोध नाही, मीही करते. परंतु साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. उपवासाच्या दिवशी शेंगदाणा, राजगिरा, दूध, ताक यांनी पोट भरले तर देव रागावणार नाही. आधी पोटोबा, मग विठोबा, हे आपल्याच वाडवडिलांचे वचन आहे.

आणि दुसरे. बाईच्या पोटात मूल असते तोवर तिचे वजन होते, रक्त तपासले जाते, अंगणवाडीतून आहार मिळतो. मूल दूध पिते तोवरही विचारपूस असते. देशात कुटुंबाच्या आरोग्याची जी मोठी पाहणी होते, तिच्यातही बायकांची मोजमापे प्रामुख्याने पंधरा ते एकोणपन्नास वयापर्यंतचीच असतात. पन्नाशी आली की बाई वहीतून उतरते. वृद्धांची स्वतंत्र पाहणी देशात २०१७-१८ साली झाली, तिच्यात साठीपुढची चारांतली एकाहून अधिक माणसे उंचीच्या मानाने हलकी निघाली. आणि सुमारे पाचांतले एक वजनाने जास्त! म्हणजे दोन्ही टोके आपल्याकडे आहेत. शहराकडे लेकाजवळ राहायला गेलेली, शेत सुटलेली, बसून असलेली आजी जाड होते, पण जाडी म्हणजे ताकद नव्हे. कोठीघर भरले आणि गडी निघून गेले, अशी तिची गत. तिने भात-साखर-तळण कमी करावे, चालावे, पण डाळ-दूध सोडू नये.

आणखी एक गोष्ट बोलायची राहू नये. आपल्याकडून कळंब-वाशी-भूमकडच्या कित्येक बाया ऊसतोडीला जातात. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या बायांची गर्भाशये फार काढली जातात, अशी ओरड झाली तेव्हा २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ब्याऐंशी हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यांत तेरा हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयेही गेली तर तिशी-पस्तिशीतच पाळी गेल्यासारखी हाडे विरळ होऊ लागतात. म्हणजे पासष्टीचे म्हातारपण पंचेचाळिशीत येते. रोग असेल तर शस्त्रक्रिया टाळू नये. पण “आता मुले झाली, पिशवीचे काय काम?” एवढ्यावर कोणी होकार देऊ नये. दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

कोणी म्हणेल, सत्तरी गेली, आता काय बळ येणार? ऐका. अमेरिकेत बोस्टन येथे १९९० साली वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बळ माणसांकडून मारिया फियाटारोने या डॉक्टरबाईंनी आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करवून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. चार वर्षांनी शंभर वृद्धांवर पुन्हा प्रयोग केला. ज्यांना नुसता पौष्टिक आहार दिला त्यांची ताकद वाढली नाही, ज्यांनी व्यायाम केला त्यांची वाढली. तिथे अन्न होते, कष्ट नव्हते. आपल्याकडे कष्ट आहेत, अन्न नाही. म्हणून दोघांची जोड घालायला हवी. खुरपणीत माणूस तासन्‌तास उकिडवे बसते, पण मांडीच्या स्नायूंना भार घेऊन उठण्या-बसण्याचा व्यायाम वेगळा लागतो. तो दहा मिनिटांत, खाटेवर होतो.

घरच्या घरी पाहण्याच्या खुणा सांगते, त्या लिहून घ्या. पहिली, महिन्यातून एकदा वजन. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन साडेएकेचाळीस किलोच्या खाली नसावे. दुसरी, पोटरीचा घेर. शिवणाच्या फितीने सर्वांत जाड जागी मोजावा, बाईचा तेहतीस सेंटिमीटरहून कमी भरला तर सावध व्हावे. फीत नसेल तर जपानी लोकांची युक्ती करावी : दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून पोटरीभोवती कडे करायचे. कडे सैल राहिले तर मांस कमी झाले असे समजावे. तिसरी, खुर्चीवरून हात छातीशी धरून पाच वेळा उठून बसायला बारा सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पायांतले बळ उतरले आहे. आणि सहा महिन्यांत कारण नसताना वजन घटले, लुगडे-झंपर सैल झाले, तर घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह, क्षय, थायरॉईड काहीही असू शकते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी डाळ-दूध वाढविण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

बायका एकत्र आल्या की काय होते ते आपल्या जिल्ह्याने पाहिलेले आहे. भूकंपानंतर घरे उभारताना ज्या बाया गावोगाव पुढे आल्या, त्यांच्यातूनच ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेचे काम वाढले. आपल्याकडच्या शेतकरी बायांनी घरच्या जमिनीतला एखादा एकर स्वतःकडे मागून घेतला आणि त्यात विक्रीच्या एकाच पिकाऐवजी भाजी, डाळ, धान्य मिळून नाना पिके घेतली. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या साध्या बायांना शिकवून ‘भारतवैद्य’ केले. त्या बायांना जमले, ते आपल्याला का जमू नये?

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते. एक, भिशीच्या शिलकीतून मंडळाने एक चांगला वजनकाटा आणि एक फीत घ्यावी, आणि दर पौर्णिमेला साठीपुढच्या सर्व बायांची नोंद एका वहीत करावी. दोन, संक्रांतीला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटण्याऐवजी शेंगदाणा-तिळाचे लाडू किंवा फुटाण्याचे पीठ वाटावे. तीन, हे वाण आणि ही वही सवाष्ण-विधवा असा भेद न करता सर्वांसाठी असावी. हळदीकुंकवाच्या दिवशी ज्यांना आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो, त्याच पुष्कळदा एकट्या, एकदाच चूल पेटवून दोन वेळचे भागवणाऱ्या असतात. वजनकाट्याला कुंकू ओळखता येत नाही, आपणही त्या दिवशी ओळखू नये.

शेवटी तरुण सुनांना एक विनंती. आज घरी गेल्यावर आमटी ढवळून वाढा, आणि तळाची डाळ पहिल्यांदा सासूच्या वाटीत घाला. सासवांनाही विनंती की, सुनेला आपल्या पंगतीला बसवून घ्या, कारण आज तिच्या अंगात जे साठेल तेच तिला साठीत पुरणार आहे.